रुग्णांना विचारलेत, आता त्यांना उत्तर द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,



सरकारी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाच्या मोबाइलवर एखाद्या दिवशी संदेश येतो किंवा ध्वनिमुद्रित आवाजातला फोन येतो. सेवेबद्दल आपण समाधानी आहात का, असा प्रश्न त्यात असतो. नसाल तर कारण विचारले जाते: कर्मचाऱ्यांची वागणूक, अस्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की आणखी काही? केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या ‘मेरा अस्पताल’ योजनेची ही पद्धत. उत्तरे संगणकात जमा होतात, त्यांची टक्केवारी निघते आणि ती बैठकीत मांडली जाते. ज्याने बटण दाबून उत्तर दिले, त्याला मात्र पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. या पत्राचा विषय ते ‘पुढे’ आहे. रुग्णाने सांगितलेला अनुभव ही रुग्णालय सुधारण्यासाठी हाताशी असलेली सर्वांत स्वस्त आणि बरीच भरवशाची माहिती आहे. पण तिचा उपयोग व्हायचा तर तीन गोष्टी पाळाव्या लागतील. रुग्णाला काय वाटले यापेक्षा काय घडले ते विचारावे. त्याचे उत्तर ज्या वॉर्डातले आहे त्या वॉर्डापर्यंत जावे. आणि त्या उत्तरामुळे काय बदलले, हे ठरलेल्या मुदतीत चारचौघांत सांगण्याचे बंधन रुग्णालयावर असावे. तिसरी गोष्ट नसेल, तर पहिल्या दोन्हींवरची मेहनत फुकट जाते.

रुग्णाच्या सांगण्याला पुरावा का मानायचे, हा पहिला प्रश्न. रुग्णालयातला प्रत्येक विभाग आपापली नोंदवही पाहतो. केसपेपरच्या खिडकीला ओपीडीत काय झाले ते माहीत नसते, प्रयोगशाळेला वॉर्डातले ठाऊक नसते आणि औषध भांडाराला रुग्णाच्या हातातली ‘बाहेरची चिठ्ठी’ दिसत नाही. भांडाराच्या नोंदीत औषध शिल्लक असते आणि त्याच दिवशी नातेवाईक समोरच्या दुकानातून तेच औषध विकत आणत असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्या दोन्ही पाहणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे रुग्ण किंवा त्याच्याबरोबर आलेला कुणी. रांगेपासून डिस्चार्ज कार्डापर्यंतचा सगळा रस्ता तोच चालतो. डॉयल, लेनॉक्स आणि बेल या संशोधकांनी २०१३ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये ५५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. चांगला रुग्णानुभव, रुग्णसुरक्षा आणि उपचारांची परिणामकारकता या तिन्ही गोष्टी बहुतेक ठिकाणी हातात हात घालून जातात, असे त्यातून दिसले. याचे कारण शोधायला लांब जायला नको. औषध कसे घ्यायचे हे ज्याला नीट समजावले जाते, तोच ते नीट घेतो. ज्याचे दुखणे सिस्टर थांबून ऐकते, त्याच्यातली गुंतागुंत लवकर लक्षात येते. सौजन्य आणि उपचार हे दोन वेगळे कप्पे आहेत, असे मानणेच चुकीचे आहे.

रुग्णांचे ऐकले नाही तर काय होते, याचा सविस्तर सरकारी दस्तऐवज इंग्लंडमध्ये आहे. मिड स्टॅफर्डशायर या सार्वजनिक संस्थेच्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयानक हेळसांड झाली. मळलेल्या चादरींवर रुग्ण तासन्‌तास पडून राहत होते, पाणी हाताला न लागेल इतके दूर ठेवलेले असे, स्वतःच्या हाताने जेवू न शकणाऱ्यांना भरवायला कुणी नसे. नातेवाईक तक्रारी करत होते. व्यवस्थापनाचे लक्ष मात्र आर्थिक उद्दिष्टांकडे आणि स्वायत्त दर्जा मिळवण्याकडे होते, आणि २००८ मध्ये तो दर्जा मिळालासुद्धा! कागदावर रुग्णालय उत्तीर्ण, वॉर्डात माणसे तहानलेली. अखेर शोकाकुल नातेवाइकांनी संघटना उभी केली, आग्रह धरला, आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी होत्या. त्या वाचताना जाणवते ते हे की धोक्याच्या सूचना वेळेवर आल्या होत्या. त्या देणारी माणसे ‘तज्ज्ञ’ नव्हती, एवढाच त्यांचा दोष. आपल्याकडेही २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ आणि ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा राज्य हादरले. नांदेडमध्ये नातेवाईक औषधटंचाईची तक्रार करत होते आणि प्रशासन ती नाकारत होते. त्या मृत्यूंची कारणे ठरवणे हे चौकशीचे काम आहे, माझे नाही. माझा मुद्दा इतकाच की बाहेरून किती औषधे आणावी लागली, हे प्रत्येक रुग्णाला रोज विचारून नोंदवले असते, तर तो वाद आरोप-प्रत्यारोपांवर राहिला नसता. आकडा टेबलावर असता.

आता प्रश्न कसा विचारायचा याकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नाला गरीब माणूस ‘हो’ म्हणतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण जे फुकट मिळते त्याला नावे ठेवू नयेत, हा आपल्या समाजाचा संस्कार आहे. शिवाय पुढच्या बाळंतपणाला किंवा सासऱ्यांच्या डायलिसिसला पुन्हा तिथेच यायचे आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असते. वॉर्डातच, कर्मचाऱ्याच्या हातून अर्ज भरून घेतला तर विचारायलाच नको. म्हणून समाधानाची टक्केवारी बहुधा छान दिसते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. अमेरिकेत रुग्णालयांसाठी २००६ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरली जाणारी प्रश्नावली निराळ्या वळणाची आहे. तुम्हाला कळेल अशा भाषेत परिचारिकांनी किती वेळा समजावले? नवे औषध देण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे किती वेळा सांगितले? तातडीने मदत मागितल्यावर ती किती वेळा वेळेत मिळाली? उत्तरेही ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. विचारणा रुग्ण घरी गेल्यावर, ४८ तासांपासून सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात सुरू होते, आणि २००८ पासून प्रत्येक रुग्णालयाचे निकाल जाहीर केले जातात. घडलेली गोष्ट सांगताना माणूस कृतज्ञतेच्या ओझ्याखाली तितका दबत नाही. ‘सिस्टर चांगल्या होत्या का?’ याला तो हो म्हणेल. ‘रात्री सलाईन संपल्यावर कुणाला उठून सांगावे लागले का?’ याला तो खरे उत्तर देईल.

यावर अनेक डॉक्टर एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रुग्णाला वैद्यक कळत नाही, त्याला खूश करायला गेलो तर चुकीचे उपचार होतील, असे ते म्हणतात. सुई टोचली नाही किंवा सलाईन लावले नाही तर डॉक्टर कामाचा नाही, ही समजूत आपल्या गावोगावी आहेच. परदेशातला पुरावाही या आक्षेपाच्या बाजूने आहे. २०१२ साली जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५० हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दाखवले की, डॉक्टरांबद्दल सर्वाधिक समाधानी असलेल्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, खर्च आणि मृत्यूचे प्रमाण हे तिन्ही जास्त होते. त्याच देशात वेदनाशमनाविषयीच्या प्रश्नांचे गुण रुग्णालयांच्या पैशाशी जोडले गेले, त्यामुळे अफूजन्य वेदनाशामके सढळ हाताने लिहिली जातील अशी भीती व्यक्त झाली, आणि पुढे ते प्रश्न त्या हिशेबातून वगळावे लागले. हे सगळे मान्य. पण या पुराव्याने समाधान मोजण्यातला धोका सिद्ध होतो, अनुभव विचारण्यातला नाही. प्रतिजैविक लिहिले की नाही, हे रुग्णाला विचारूच नये. का लिहिले नाही हे समजावून सांगितले का, ते विचारावे. निदान बरोबर होते का, हे तो सांगू शकत नाही. तपासणीच्या वेळी पडदा ओढला होता का, बाळंतपणाच्या कळांत बाईवर कुणी ओरडले का, जवळचे माणूस सोबत राहू दिले का, मूल झाल्यावर कुणी पैसे मागितले का, हे सांगायला एमबीबीएस लागत नाही. या गोष्टी त्या बाईखेरीज दुसरे कुणी सांगूही शकत नाही.

दुसरा धोका आपण स्वतःच तयार करून ठेवला आहे. प्रसूतिकक्षांच्या दर्जासाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचा हेतू उत्तम आहे, सन्मानाने बाळंतपण व्हावे हा आग्रह त्यात आहे. पण प्रोत्साहन रकमेच्या निकषांत ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत, अशीही एक अट आहे. ज्या आकड्यावर बक्षीस ठरते, तो आकडा हळूहळू गाठला जातोच. परिस्थिती बदलून नाही जमले तर प्रश्न विचारण्याची वेळ, जागा आणि माणूस बदलून. यात कुणाला अप्रामाणिक म्हणायचे कारण नाही, कोणत्याही कार्यालयात हेच होईल. म्हणून रुग्णांनी दिलेले गुण बक्षिसाला किंवा शिक्षेला जोडू नयेत. जोडायचेच असेल तर एका वेगळ्या गोष्टीला जोडावे: आलेल्या उत्तरांवर रुग्णालयाने मुदतीत काय केले आणि ते जाहीर केले की नाही. तक्रारी जास्त आलेले रुग्णालय वाईटच असेल असे नाही. तिथे लोक मोकळेपणाने बोलत असतील. तक्रार आली आणि तीन महिन्यांनंतरही तिच्यापुढचा रकाना कोरा राहिला, तर मात्र जबाब मागायला हवा.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. २०१७ साली लॉरा शेअर्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचे ऐकावे हे तिथल्या कर्मचाऱ्यांना मनापासून पटत होते. सुधारणा होत नव्हती. कारण वॉर्डाच्या हातात काही बदलण्याचा अधिकार, वेळ आणि साधने नव्हती, आणि ज्या विभागांकडे ती होती त्यांचे सहकार्य मिळत नव्हते. हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या जिल्हा रुग्णालयातली इन्चार्ज सिस्टर वॉर्डातला फुटलेला नळ रोज पाहते; दुरुस्ती बांधकाम विभागाकडे. मावशी आणि मामा कंत्राटी. त्यांची हजेरी ठेकेदाराकडे. औषधखरेदी आणखी कुणाकडे. अशा स्थितीत ‘आपल्या वॉर्डाबद्दल नाराजी आहे’ एवढेच तिला कळवणे म्हणजे तिला छळणे आहे. तिला सांगायचे तर नेमके सांगावे, आणि त्याबरोबर थोडासा तरी अधिकार द्यावा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतला ठरावीक छोटा भाग रुग्णांनी दाखवलेल्या उणिवांसाठी राखून ठेवला आणि तो खर्च करण्याची मुभा वैद्यकीय अधीक्षकाच्या मंजुरीने वॉर्डाला दिली, तर नळ, पडदा, बाकडे, पंखा, रात्रीचा दिवा या गोष्टी महिनोन्‌महिने फाइलीत अडकणार नाहीत.

हे सगळे परदेशी खूळ आहे, असे कुणी म्हणेल तर त्याला महाराष्ट्राचाच इतिहास दाखवावा लागेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून आपल्याकडे ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ प्रक्रिया सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. राज्य पातळीवर समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांची प्रगतिपत्रके दिली आणि ती घेऊन जनसुनवाया झाल्या. डॉक्टर आणि अधिकारी मंचावर, समोर गाव. डॉक्टर वेळेवर नसणे, बेकायदा पैसे घेणे, औषधे बाहेरून आणायला लावणे हे प्रश्न तिथे पुराव्यासह मांडले गेले आणि कित्येक ठिकाणी सुटले. पहिल्या फेरीत निम्म्याहून कमी गावांनी गावपातळीवरच्या सेवांना ‘चांगले’ म्हटले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास गेले. या प्रक्रियेचे बळ प्रश्नावलीत नव्हते. विचारणारे आणि उत्तर देणारे समोरासमोर येत होते, आणि पुढच्या सुनावणीत ‘मागच्या वेळी कबूल केलेले झाले का?’ असे विचारता येत होते. हीच गोष्ट जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेण्याची वेळ आता आली आहे.

कर्मचारी संघटनांचा आक्षेप मला रास्त वाटतो: पदे रिक्त, खाटांपेक्षा रुग्ण जास्त, आणि वर आमच्याच वागणुकीचा पंचनामा! पण रुग्णांची उत्तरे नीट वेगळी केली तर ती कर्मचाऱ्यांच्याच कामी येतील. काही उणिवांना पैसा लागत नाही: स्वतःचे नाव सांगणे, पडदा ओढणे, डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटे समजावणे. काही उणिवा मनुष्यबळाशिवाय सुटतच नाहीत, आणि रात्रपाळीत एवढ्या रुग्णांमागे एकच सिस्टर होती हे शेकडो रुग्णांच्या तोंडून नोंदले गेले, तर पदभरतीच्या मागणीला त्याहून मजबूत आधार कोणता? डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचाही इथे संबंध आहे. हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० साली कायदा केला, तो हवाच. हल्ल्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. मात्र ज्या नातेवाइकाला आपला माणूस कसा आहे हे कुणी सांगत नाही आणि आपले म्हणणे कुठे मांडायचे हे माहीत नाही, त्याच्या रागाला वाट देणारी खिडकी रुग्णालयात असणे हे पोलीस चौकीइतकेच संरक्षणाचे साधन आहे.

विचारणा कुणापर्यंत पोहोचते, हेही पाहावे लागेल. नोंदणीत दिलेला मोबाइल क्रमांक बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. बाळंतिणीला काय सोसावे लागले याचे उत्तर तो देऊ शकत नाही. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरा, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांना प्रमाण मराठीतला ध्वनिमुद्रित फोन काय उपयोगाचा? जो बरा होऊन गेला नाही, त्याच्या नातेवाइकांना तर कुणी विचारतच नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे सांगण्यासारखे बहुधा त्यांच्याकडेच असते. आणखी एक पेच मालकीचा. जिल्हा रुग्णालय आपल्या विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरातले महापालिकेकडे. नांदेड आणि कळवा ही दोन्ही रुग्णालये आपल्या विभागाची नव्हती. रुग्णाला हा भेद कळत नाही आणि कळायची गरजही नाही. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद लावावी आणि तक्रारींची दखल घेतली जावी, असा नियम राज्याने २०२१ मध्ये केला. स्वतःच्या रुग्णालयांसाठी सरकारने त्याहून कमी बंधन मानणे शोभत नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. तिन्ही मालकीच्या सरकारी रुग्णालयांसाठी दहा-बारा प्रश्नांची एकच प्रश्नावली असावी, आणि ती फक्त घडलेल्या गोष्टी विचारणारी. विचारणा रुग्ण घरी गेल्यावर, रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीने, रुग्णाच्या भाषेत करावी. बाळंतिणीशी बाईनेच बोलावे. मृतांच्या नातेवाइकांना काही आठवड्यांनी, हळुवारपणे विचारावे. उत्तरे नावे गाळून दर महिन्याला वॉर्डनिहाय इन्चार्ज सिस्टर आणि वैद्यकीय अधीक्षकांना द्यावीत. दर तीन महिन्यांनी ‘तुम्ही सांगितलेत, आम्ही हे केले, हे अजून करता आले नाही आणि त्याचे कारण हे’ असा फलक ओपीडीत लावावा. वर्षातून दोनदा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जनसुनवाई व्हावी आणि मागच्या सुनावणीतल्या आश्वासनांचा हिशेब हा तिचा पहिला विषय असावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. नोंदवह्यांचा बोजा वाढेल अशी शंका असेल, तर आज भरून घेतले जाणारे समाधानाचे छापील अर्ज त्याच दिवशी बंद करावेत. त्याने कुणाचे काही बिघडणार नाही.

मंत्रिमहोदय, एक विनंती शेवटी. ही व्यवस्था राज्यभर एकदम लागू करण्याची घाई नको. एखादा जिल्हा निवडा, एक वर्ष द्या, आणि निकाल चांगले असोत वा वाईट, ते विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. आणि तोवर कोणत्याही रुग्णालयाने रुग्णाला नवा प्रश्न विचारण्यापूर्वी, आधी मिळालेल्या उत्तरांवर काय केले ते जाहीर करावे, असा आदेश काढा. उत्तर देण्याची तयारी नसेल, तर आजारी माणसाला प्रश्न विचारू नयेत.

आपला,
एक नागरिक